अकरा वाजताचं पाणी

पुष्पाताई मेहेर 'शी' म्हणायच्या तेव्हा आधी नाक हलायचं, मग मान मागे जायची आणि मग शब्द यायचा. तो येईपर्यंत आपल्याला कळलेलं असायचं की आपल्या स्क्रीनवर काहीतरी घाण आहे. मेलेला उंदीर दिसावा तसं तोंड करायच्या त्या. समोर असायचा फक्त एक नकाशा, काळा-पांढरा, कुणालाही त्रास न देणारा.

मी त्यांच्याबरोबर सात महिने काम केलं. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. मला त्यांची सगळी माहिती नाही. त्यांचं शिक्षण किती, त्या कॉम्प्युटर कुठे शिकल्या, हे मी कधी विचारलं नाही. आणि शेवटी जे झालं त्यात माझाही हात आहे. तरी लिहिते.

आमचं ऑफिस बोईसरला होतं, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. सहा कॉम्प्युटर, एक एसी, आणि पंख्याएवढा आवाज करणारा एक फ्रीज. तिथे आम्ही जमीन बनवायचो. वैमानिक खऱ्या आकाशात जाण्याआधी बंद खोलीत सराव करतात. समोरच्या पडद्यावर डोंगर, नद्या, किनारे सरकत जातात. त्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. ते डोंगर आणि ते किनारे कुणीतरी बसून तयार करावे लागतात. उपग्रहांनी मोजलेली जमिनीची उंची मिळते, उपग्रहांनी टिपलेलं पाणी मिळतं. पण दोन्ही एकमेकांवर ठेवलं की जुळत नाही. ते जुळवायचं आमचं काम. नकाशाचे चौकोनी तुकडे केलेले असायचे, त्यांना टाइल म्हणायचे. मी उंची बघायचे. पुष्पाताई पाणी बघायच्या आणि शेवटी सगळंच तपासायच्या.

मी जव्हारच्या पुढच्या एका पाड्यावरची. आमच्याकडे उतारावर नागली आणि वरई होते, पाऊस संपला की आई-बाबा वीटभट्टीवर जातात. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता, त्यासाठी मी या ऑफिसात आले. पहिल्या दिवशी पुष्पाताईंनी विचारलं, "कुठली गो तू?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे डोंगर." तेव्हापासून मी डोंगर. "ए डोंगर, चहा घे." "डोंगर, इकडं ये, बघ काय घाण केलंयस." माझं नाव सविता आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी एकदाच वापरलं. ते पुढे येईल.

पहिलीच टाइल मी त्यांच्याकडे पाठवली, तिच्यात एक नदी होती. पाच मिनिटांत मान मागे गेली.

"शी! नदी चढलेय."

मला कळलंच नाही. त्यांनी मला खुर्ची ओढून जवळ बसवलं. नदीवर पूल होता. उपग्रहाला पुलाखालचं पाणी दिसत नाही, त्याने पुलाची उंची मोजली आणि ती नदीच्या नावावर टाकली. त्यामुळे माझी नदी डोंगरातून उतरत येत होती, पुलापाशी चार मीटर उडी मारून वर चढत होती, आणि पलीकडे परत खाली पडत होती.

"पाणी चढतं काय गो?"

"नाही."

"तुझ्या गावाला चढतं?"

"नाही ताई."

"शेळ्या चढतात, माणसं चढतात. पाणी नाय चढत. वैमानिकाला काय, तो बघून हसेल नी पुढे जाईल. पण मला रात्री जेवण जायचं नाय."

मग त्यांनी मला शिक्षा दिली. नदीच्या उगमापासून मुखापर्यंत माउसने एकेक पाऊल चालायचं. प्रत्येक पावलाला उंची वाचायची. मागच्यापेक्षा कमी किंवा तेवढीच असली पाहिजे. एका नदीला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुखाशी पोचले, तिथे उंची शून्य आली आणि मला उगाचच रडू आलं. त्यांनी बघितलं. "पोचलीस?" एवढंच म्हणाल्या आणि डब्यातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा पुढे केला.

त्यांना घाण वाटायच्या गोष्टी मोजक्या होत्या, पण त्या पक्क्या होत्या. चढणारं पाणी. तलावाचा तिरका पृष्ठभाग, "ताटात आमटी अशी ऱ्हाते काय?" तिवरांच्या शेंड्यांना जमीन समजणं: खाडीकाठी तिवरांची दाट झाडी असते, उपग्रह तिच्या शेंड्यांची उंची मोजतो, आणि सपाट चिखलाच्या जागी पाच मीटरचा कडा उभा राहतो. एडवणच्या बाजूची एक टाइल मी अशी पाठवली होती. त्या म्हणाल्या, "झाडांच्या डोक्यावरनं चालत आलीस काय गो? पाय बघू."

आणि ठिपके. पाण्याचा थर म्हणजे फक्त काळं आणि पांढरं. पांढरं म्हणजे पाणी, काळं म्हणजे जमीन. कच्च्या थरात पाण्यामध्ये बारीक काळे ठिपके येतात. होडीची सावली, फेस, मासेमारीसाठी रोवलेले खुंट, कशाचेही. पुष्पाताईंना ते बघवत नसत. "उवा पडल्यात उवा," म्हणायच्या. एक बटण होतं, ठरावीक आकारापेक्षा लहान ठिपके एका झटक्यात निघायचे. "टाइल हातात आली की पयले उवा काढ," हा त्यांनी मला घालून दिलेला नियम. मी तो कधी मोडला नाही.

आता त्यांच्याबद्दल इतरांना काय वाटायचं ते सांगायला हवं, कारण किळस ऑफिसात दोन्ही बाजूंनी होती.

पुष्पाताई मुरब्याहून, समुद्रकाठच्या गावाहून, यायच्या. त्यांच्या डब्यात बहुतेक दिवशी मासे असायचे, सुके किंवा ओले. आमचे देवरे सर फार स्वच्छ माणूस. ऑफिस त्यांचंच होतं. टेबलावर जंतुनाशकाची बाटली, खिशात ओल्या कागदी रुमालांचं पाकीट. कुणी त्यांचा माउस धरला की ते नंतर तो पुसायचे, समोरच. जेवणाची सुट्टी संपली की ते आपल्या केबिनमधून गुलाबाच्या वासाचा फवारा घेऊन यायचे आणि काही न बोलता पुष्पाताईंच्या खुर्चीभोवती मारायचे. डोक्यावरूनही मारायचे. केसांवर ते थेंब बसलेले दिसायचे.

पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला कुठे बघावं कळेना. पुष्पाताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "फुलांचा वास येतोय. कोण गेलं सर?"

सगळे हसले. सरही हसले. पण दुसऱ्या दिवशी फवारा आलाच. अजूनही गुलाबाचा तो वास कुठे आला की मी नाकाला ओढणी लावते. सुक्या बोंबलांच्या वासाला कधी लावली नाही. आमच्याकडे जव्हारच्या बाजारात सुकी मच्छी येते, तो माझ्यासाठी आठवड्याच्या बाजाराचा वास होता. हे मी तेव्हा कुणासमोर बोलले नाही.

पाण्याच्या रंगावरून एकदा भांडण झालं. कारखान्यांच्या मागून एक नाला येतो आणि खाडीला मिळतो. तिथल्या पाण्याचा रंग उपग्रहाच्या फोटोत होता तसाच पुष्पाताईंनी ठेवला होता. खूप वेळ उकळून ठेवलेल्या चहावर साय धरते, तसा. देवरे सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय पुष्पाताई? किती घाणेरडं दिसतंय."

"घाणेरडं हाय म्हणून दिसतंय सर."

"क्लायंटला निळं पाणी लागतं."

"असलं निळं पाणी तुमी कुठं बघितलंत? संडास धुवायच्या बाटलीत?"

सरांनी स्वतः माउस घेतला आणि रंग निळा केला. मग माउस पुसला. पुष्पाताई उठून बेसिनवर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी 'शी' म्हटलं नाही. मी नंतर विचारलं, तुम्ही सरांना काही बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "माणसाला 'शी' म्हणू नये गो. माणूस म्हंजे काय डेटा हाय?"

मुरब्याच्या बाजूची टाइल माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत. एक हेलिकॉप्टर शिकवणारी परदेशी संस्था होती, तिला पुराच्या आणि वादळाच्या बचावकार्याचा सराव करण्यासाठी किनारा हवा होता, म्हणून आमचा किनारा. सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी टाइल उघडली, नेहमीप्रमाणे आधी उवा काढल्या, उंची जुळवली आणि शुक्रवारी दुपारी पुष्पाताईंकडे पाठवली. मला वाटलं होतं, आपल्या गावाची टाइल म्हणून खूश होतील.

त्या बराच वेळ बघत बसल्या. मान मागे गेली नाही. मग म्हणाल्या, "डोंगर, खुंटपाडा कुठं गेला?"

खुंटपाडा त्यांचं माहेर. मुरब्याच्या मागे खाजण आहे. खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन. त्या खाजणाच्या मध्ये एक लांबट उंचवटा आहे, त्यावर सोळा-सतरा घरं. उंचवटा कधीच बुडत नाही. खाजण बुडतं आणि उघडं पडतं. माझ्या टाइलमध्ये खाजण सगळं पांढरं होतं, एकसारखं, स्वच्छ. पांढरं म्हणजे पाणी.

"कच्चा थर काढ," त्या म्हणाल्या.

मी काढला. त्यात खाजणाच्या जागी पाणीच होतं, पण मधोमध काळे ठिपके होते. एका ओळीत. सोळा-सतरा घरांचे मिळून नऊ ठिपके.

पुष्पाताईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, एका ठिपक्यावर. "हा दादा," म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. मग बोट खाली घेतलं. "उवा काढायला मीच शिकवलं."

पण मग त्यांना दुसरा प्रश्न पडला. ठिपके मी काढले ते ठीक, पण खाजण सगळंच्या सगळं पाणी का? खाजण दिवसातला बराच वेळ उघडं असतं. त्यांनी मला विचारलं, हा थर कुठल्या कुठल्या दिवसाच्या फोटोंवरून केलाय. त्याची यादी असते. ढग नसलेले पाच फोटो होते. मी तारखा वाचल्या. पुष्पाताईंनी चहाच्या ओट्यावरचं कॅलेंडर काढून आणलं, गेल्या वर्षीचंही खिळ्याला मागेच होतं. मी तारीख वाचायची, त्या तिथी बघायच्या.

"अमावास्या."

पुढची.

"पौर्णिमा. पुढं?"

चौथ्या तारखेला त्या थांबल्या. "किती वाजता काढलाय फोटो?"

मी बघितलं. साधारण अकरा. पहिला? अकराच्या आसपास. सगळे अकराच्या आसपास. हे उपग्रह दरवेळी एका जागेवरून त्याच वेळेला जातात.

पुष्पाताई हसायला लागल्या. मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर. पौर्णिमा म्हंजे पंधरा. पंधराची पाऊणपट?"

"सव्वाअकरा."

"सव्वाअकराला भरती. पौर्णिमेला, अमावास्येला. उधाणाची, सगळ्यांत मोठी. हा येतो अकराला. आता अष्टमी. आठाची पाऊणपट?"

"सहा."

"सहाला भरती, म्हंजे सव्वाबाराला ओहोटी. हा अकराला येतो तेव्हा ओहोटीच, पण भांगाची, सगळ्यांत लहान. भांगाला पाणी वर चढत पण नाय नी खाली जात पण नाय. म्हंजे बघ, उधाण असलं की याला कायम भरलेलं दिसतं. उधाणाची ओहोटी याला जन्मात दिसायची नाय. खाजण अख्खं उघडं पडतं, पोरं क्रिकेट खेळतात, ते याला कधीच दिसणार नाय. याला फक्त अकरा वाजताचं पाणी माहीत."

मी तीन वर्षं कॉलेजात बसले होते आणि आकाशातल्या यंत्राची चूक कुणी कॅलेंडरवरून काढेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाच फोटोंतले चार उधाणाचे होते. पाचवा अष्टमीच्या आसपासचा, त्यात खाजण बरंचसं उघडं होतं आणि खुंटपाडा स्पष्ट होता. पाचांतल्या चारांनी पाणी सांगितलं म्हणून प्रोग्रामने पाणी लिहिलं.

रविवारी आम्ही खुंटपाड्याला गेलो. पुष्पाताईंचं म्हणणं होतं की सरांना नुसती तिथी सांगून चालणार नाही, पायाने मोजून आणू. चतुर्दशी होती. साडेदहाला भरती, पावणेपाचला ओहोटी. चार वाजता बांधावर चपला काढून आम्ही खाजणात उतरलो. मी आयुष्यात पहिल्यांदा असा चिखल बघितला. पोटरीपर्यंत पाय जायचा. प्रत्येक वीस पावलांवर फोनमध्ये जागेची नोंद करायची. मी दोनदा पडले. पुष्पाताई साडी खोचून अशा चालत होत्या, जशा ऑफिसच्या फरशीवर कधी चालल्या नाहीत.

त्यांचे दादा उंचवट्यावर जाळं शिवत बसले होते. पुष्पाताईंनी त्यांना सांगितलं की सरकारच्या नाही पण एका नकाशात तुमी पाण्यात हायत.

"आमी पाण्यात?"

"हो."

"मग मतं मागायला येतात ते कुणाकडं, बोंबलांकडं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कोण?"

"हिनंच बुडवलं तुमाला," पुष्पाताई म्हणाल्या. "डोंगरावरची हाय. पाणी बघितलं की घाबरते."

दादा खूप हसले. वहिनींनी चहा दिला. मीही हसले. घरं मोजली तर अठरा निघाली.

सोमवारी सकाळी पुष्पाताईंनी देवरे सरांना सगळं दाखवलं. अष्टमीचा फोटो, आमच्या पावलांच्या नोंदी, कॅलेंडर. सर शांतपणे ऐकत होते. नंतर त्यांनी ओल्या कागदी रुमालाने बोटं पुसली, एकेक.

"पुष्पाताई, मी क्लायंटला काय लिहू? पंचांग बघून डेटा बदलला?"

"लिहा. खरं तेच हाय."

"लोक हसतील हो. हा डेटा जगभर वापरतात. आपण बोईसरच्या माडीवर बसून त्याला चुकीचा म्हणायचं, आणि पुरावा काय, तर चिखलात चाललो. आणि केवढासा तुकडा तो! हेलिकॉप्टरमधून अर्ध्या सेकंदात मागे जाईल."

"बचावाचा सराव हाय ना सर? कुणाला वाचवायचं ते जमिनीवर असतं. हितं जमीनच नाय."

"खऱ्या बचावाला खरे नकाशे असतात. हा सराव आहे."

"सरावात चुकीचं शिकेल नी खऱ्यात बरोबर करेल?"

सर थकलेले दिसत होते. मला आता वाटतं, ते वाईट माणूस नव्हते. त्यांना संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं, आणि बदल केला तर त्याचं कारण लिहून मंजुरी घ्यावी लागली असती. ते म्हणाले, "तुमच्या माहेरचं आहे म्हणून तुम्ही एवढं ताणताय."

पुष्पाताईंनी कॅलेंडर गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माझं माहेर हाय म्हणून मला दिसलं. बाकीच्यांची किती बुडवली असतील, ती मला दिसली नाय. त्याची मला घाण वाटते." आणि उठल्या. "मी सही नाय करत."

प्रत्येक टाइलबरोबर एक कागद जायचा. त्यावर दोन सह्या: 'तयार केले' आणि 'तपासले'. 'तपासले'वर नेहमी पुष्पाताईंची सही असायची, गोल, मोठी, शाळेतल्या मुलीसारखी. सर म्हणाले, "तुमची नसली तर दुसऱ्या कुणाची चालेल." आणि माझ्याकडे बघितलं. "सविता, तुझ्या प्रोजेक्टचं पत्र मी आजच टाइप करायला घेणार होतो."

पत्राशिवाय माझा प्रोजेक्ट धरला जाणार नव्हता, आणि प्रोजेक्टशिवाय वर्ष. आई-बाबा तेव्हा भट्टीवर होते. भट्टीवरच्या सगळ्यांना आईने सांगून ठेवलं होतं की मुलगी यंदा पदवीधर होणार.

पुष्पाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला एकदाच नावाने हाक मारली ती तेव्हा. "सविता," म्हणाल्या, "तुझं तू बघ." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी डबा पिशवीत टाकला, आपला माउस पदराने पुसला, सर पुसायचे अगदी तसा, आणि जिना उतरून गेल्या.

मी सही केली. 'तयार केले'वर माझीच होती. 'तपासले'वरही माझीच. एकाच कागदावर दोनदा. आपण केलेली घाण आपणच तपासली आणि स्वच्छ आहे म्हणून लिहून दिलं. सरांनी कागद घेतला आणि मला चहा सांगितला. तो चहा मी बेसिनमध्ये ओतला.

पंधरा दिवसांनी सरांनी सगळ्यांना ते चालवून दाखवलं. मोठा स्क्रीन लावला होता. हेलिकॉप्टर किनाऱ्यावरून आत वळलं. पाणी निळं होतं, स्टीलच्या ताटासारखं गुळगुळीत, कुठे एक ठिपका नाही. खुंटपाड्यावरून आम्ही गेलो. खरंच अर्धा सेकंदही लागला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुष्पाताईंच्या रिकाम्या खुर्चीभोवती आता फवारा मारायचं कारण नव्हतं, तरी सरांनी सवयीने मारला. मी बाहेर गेले आणि जिन्यात उलटी केली.

प्रोजेक्टला मला चांगले गुण मिळाले.

परीक्षा संपल्यावर मी मुरब्याला गेले. दिवस मी निवडला होता: पौर्णिमा, संध्याकाळी पाचच्या सुमारास. पंधराची पाऊणपट केली आणि सहा तास मिळवले. पुष्पाताई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखाली उभ्या होत्या, वाळलेले काढून टोपलीत टाकत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"काय गो डोंगर. ओहोटी बघून आलीस?"

"हो."

"कुणी सांगितली?"

"मीच काढली."

"बरोबर काढलीस," त्या म्हणाल्या आणि बोंबील काढत राहिल्या.

मी म्हटलं, "ताई, सही मी केली."

"माहीत हाय."

"दोन्हीकडे."

"ते पण माहीत हाय."

मग मला राहवलं नाही. "तुम्ही मला 'शी' तरी म्हणा."

त्यांनी हात थांबवले आणि माझ्याकडे नीट बघितलं. नाक हललं नाही, मानही मागे गेली नाही. "तू काय डेटा हायस?" असं म्हणून त्यांनी मूठभर बोंबील कागदात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "आईला दे. धुऊन घ्यायला सांग, वाळू असते."

मग टोपली डोक्यावर घेतली. त्यांना दादांकडे जायचं होतं. मी चपला काढायला वाकले.

"तू नको," त्या म्हणाल्या.

"मी येते ना. वाट माहीत आहे मला."

"आज नको."

त्या किनाऱ्यावरून मागच्या बाजूला वळल्या. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले आणि बांधावर थांबले. त्या खाजणात उतरल्या. ऊन तिरकं झालं होतं आणि सगळा चिखल चकाकत होता. पलीकडे अठरा घरं दिसत होती, काही कौलारू, काही पत्र्याची. दोन मुलं स्टंप रोवत होती. मी सही केलेल्या टाइलमध्ये इथे सगळीकडे पाणी आहे आणि पुष्पाताई त्या पाण्यात चालत होत्या, डोक्यावर टोपली घेऊन, कोरड्या.

मध्यावर त्या थांबल्या. खाली वाकून चिखलातून काहीतरी उपटलं, प्लॅस्टिकची पिशवी असावी. दोन बोटांत धरून ती अंगापासून लांब केली. एवढ्या अंतरावरून आवाज येणं शक्य नव्हतं. पण टोपली सांभाळत मान जेवढी जाते तेवढी मागे गेली, त्यावरून मला कळलं त्या काय म्हणाल्या ते.

पिशवी टाकली नाही त्यांनी. तशीच लांब धरून चालत राहिल्या. हळूहळू त्या एका काळ्या ठिपक्याएवढ्या झाल्या आणि तो ठिपका घरांच्या ओळीत जाऊन मिसळला. बोंबलांचा कागद हातात धरून मी बांधावर उभी होते. भरतीचं पहिलं पाणी खाजणाच्या खाचांमधून आत यायला लागलं, तेव्हा निघाले.